सात नंबरचा तुकडा

आपला मुलगा मुंबईला काय करतो, हे गुरुबसप्पा मापाडी एका शब्दात सांगत. तोलतो.

सरकारी प्रयोगशाळा, त्यातून अणूचं खातं, असं कळलं की लातूरच्या आडत बाजारात कोणीतरी बॉम्बची गोष्ट काढायचंच. गुरुबसप्पा काट्याची साखळी सरळ करत ती तिथेच थांबवायचे. बॉम्ब नाही, धातू. मी तूर तोलतो, तो धातू तोलतो, आमच्या घराण्याला तिसरं काही जमलंच नाही, एवढं बोलून ते पुढच्या ढिगाकडे वळत. जिल्हा नवा होऊन चार वर्षं होत आली होती, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, पण गुरुबसप्पांच्या परवान्यावर अजून ‘जिल्हा उस्मानाबाद’ होतं. तो बदलून घ्या असं कोणी म्हटलं, तर ते विचारायचे की जिल्हा बदलल्यानं किलो बदलला का.

मुलाबद्दल ते बोलत त्यात फुगवून सांगितलेलं काही नव्हतं. विरूपाक्ष खरोखरच तोलायचा. नांदेडला बी.एस्सी. करताना त्यानं प्रयोगशाळेतला काटा पहिल्यांदा पाहिला, काचेच्या कपाटात बसवलेला, आणि त्याला हसू आलं होतं. त्याच्या घरी काट्याला वारा लागला तर शिव्या वाऱ्याला बसत, काट्याला कोणी कपाट करत नसे. पण त्या काट्यापुढे उभं राहिल्यावर श्वास आपोआप रोखला जायचा, पारडं निवेपर्यंत पापणी हलायची नाही, आणि सरांनी हे पाहिलं. त्याच सरांच्या शिफारशीनं तो मुंबईला गेला. आता चौतिसाव्या वर्षी त्याच्या छातीवर दोन वस्तू असत. सदऱ्याच्या आत चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, आणि कोटाच्या खिशाला किरणं मोजणारा बिल्ला. पहिलं अव्वानं, म्हणजे आईनं, जप म्हणून सांगितलेलं, दुसरं सरकारनं.

काम असं होतं. अणुभट्टीत जळून आलेल्या युरेनियमचे करंगळीच्या पेराएवढे तुकडे त्यांच्या विभागात येत. त्यांच्याजवळ माणसानं जायचं नाही. मध्ये हातभर नव्हे, पुरुषभर जाड भिंत, तिच्यात पिवळसर शिशाची काच, आणि भिंतीपलीकडे दोन यांत्रिक हात. इकडे आपण मूठ मिटली की तिकडे चिमटा मिटतो. तुकडा छोट्या भट्टीत ठेवायचा, ठरल्या अंशावर ठरले तास तापवायचा, निवू द्यायचा आणि तोलायचा. एकदा हवेत, एकदा द्रवात बुडवून. तापल्यावर तो धातू फुगतो. किती फुगतो, ते काढायचं. अणुभट्टीला किती आच सोसेल याचा हिशेब पुढे कोणीतरी त्या आकड्यांवर बांधणार होतं.

फेब्रुवारीत तो पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक टाइप केलेला कागद होता. खाली सहीपुरती जागा कोरी.

त्या फेरीत आठच तुकडे होते. आधीच्या फेऱ्यांत चाळीस चाळीस असत, या वेळी मालच तेवढा मिळाला होता आणि आच मात्र पूर्वीपेक्षा चढती होती. सात तुकडे दोन-अडीच टक्के फुगले. सात नंबरचा तुकडा नऊ टक्के फुगला. विरूपाक्षनं तो तीनदा तोलला होता, तिन्ही वेळा काटा एकाच जागी थांबला. विभागाचे प्रमुख डॉक्टरसाहेब भला माणूस, पण अहवालात असा एकटा दांडगा आकडा त्यांना नको होता. एकाच गजाचे आठ तुकडे, एकच आच, मग एकानेच का उड्या माराव्यात? त्यांनी समजुतीनं तोड काढली. त्या दिवशी यांत्रिक हात सरकला, तोल चुकला, असं लिहून द्या. सात नंबर खोडू, तुम्ही काट्यावर आहात तिथेच राहाल, तोलताना कोणाचाही हात चुकतो. कारण सापडलं तर मात्र कळवा. रजेतल्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळी अहवाल टाइपाला जाईल. तोपर्यंत सही नाही आणि कारणही नाही असं झालं, तर सात नंबर जाईल आणि काट्यावर दुसरा माणूस बसेल.

एका सहीचं काम. पण तोल चुकला असं आपल्या हातानं लिहायचं होतं, आणि तोल चुकलेला नव्हता. बारा दिवस तो कागद पिशवीत पडून होता. विरूपाक्ष दिवसातून दोनदा तो काढून वाचायचा, जणू मधल्या वेळात मजकूर बदलला असेल.

घरी दुष्काळ होता. म्हणजे सगळीकडेच होता, पण घरी तो घागरींच्या रूपानं दारात मांडून ठेवलेला होता. टँकर आला की अव्वा, म्हणजे गौरम्मा, उठायच्या, नाही आला की बसायच्या. बाजारात माल नव्हता. ज्या ओट्यावर या दिवसांत तुरीचे डोंगर लागायचे तिथे हमाल पत्ते खेळत होते. रेणापूर, चाकूरकडची अर्धी माणसं रोजगार हमीच्या खडीवर गेली होती.

जेवताना एकदा अप्पांनी, म्हणजे गुरुबसप्पांनी, विचारलं, की बाबा, तू काय गिळून बसलास ते सांग. मग त्यानं सांगितलं. कागदाचं नाही, धातूचं. अणुभट्टीत असताना त्या धातूचे कण फुटतात, फुटताना थोडा वायू तयार होतो आणि धातूतच अडकतो. बाहेर यायला वाट नाही. गार असेपर्यंत तो गप बसतो, कळतही नाही की आत कोणी आहे. आच लागली की त्याचे बारीक बारीक बुडबुडे जमतात आणि धातूला आतून रेटतात.

“लाहीवानी?” गौरम्मांनी विचारलं.

लाही फुटते, हे फुटत नाही, त्यानं सांगितलं. नुसतं अंगानं वाढतं. वजन तेच, जागा जास्त.

“आमच्या दानम्माचं बरं मग,” गौरम्मा म्हणाल्या. “तिचं दोन्ही वाढून राहिलंय.”

दानम्मा म्हणजे त्याची बहीण, देगलूरला दिलेली. अप्पा हसले नाहीत. त्यांना तोलायची रीत हवी होती. द्रवात बुडवून कशाला तोलायचं? विरूपाक्ष म्हणाला, भरलेली घागर विहिरीत पाण्याखाली असते तोवर हलकी लागते ना, वर आली की जड. पाणी तिला उचलून धरतं. वस्तू जेवढी मोठी तेवढं जास्त उचलतं. म्हणून हलकी लागली की समजायचं, फुगली.

अप्पांनी भाकरीचा तुकडा कालवणात फिरवला. “यंदा हे कुणाला पटायचं न्हाई. आदी विहिरीत पाणी पाहिजे.” मग थोड्या वेळानं त्यांनी एवढंच विचारलं, की तू किती बारी तोलतोस.

“तीनदा.”

“तीनदा तोलून बी मनाला शंका?”

“मला न्हाई. साहेबाला हाय.”

मापाड्याच्या घरात याहून जड वाक्य नसतं. एकदा अव्वा रागाच्या भरात अप्पांना वाटेल ते बोलली होती, ते ऐकून घेतलं होतं त्यांनी. पण एका व्यापाऱ्यानं ‘पुन्हा तोला’ म्हटलं, तेव्हा ते चार दिवस त्या दुकानाची पायरी चढले नव्हते.

सोमवार उजाडला. विरूपाक्षनं कागद खिशात घातला, पेन घातलं, आणि अव्वानं दिलेली भाकरी घेऊन तो बाजारात गेला. टपाल कचेरी पुढेच होती. त्यानं ठरवलं होतं म्हणावं तर ठरवलं होतं. सही करून पाकीट टाकायचं आणि ट्रंक कॉल करून ‘सही केली’ सांगायचं. एक आकडा खोडला म्हणून मुंबई बुडत नव्हती.

आडत सिद्धराम शेटची होती. ओट्यावर एकच ढीग होता, आणि त्याला ढीग म्हणायचं ते ओट्याचा मान राखायला. रेणापूरकडची सरजाबाई म्हणून एक बाई तूर घेऊन आली होती. पोतंही भरलं नव्हतं. चाळीस किलो असेल नसेल. लाल, निवडून आणलेली, खडा दिसत नव्हता. बाई ढिगाशेजारी उकिडवी बसली होती, लेकराजवळ बसावं तशी.

अप्पा आले. त्यांची रीत ठरलेली होती, आणि विरूपाक्षनं ती चालायला लागल्यापासून पाहिली होती. मध्ये काही वर्षं शाळेच्या सुट्टीत स्वतः केलीही होती. कनवटीची भस्माची पुडी सोडायची. तीन बोटं कपाळाला ओढायची, उरलेलं तळहातावर चोळायचं. मग त्याच हातानं ढिगातली एक मूठ घ्यायची, पारड्यात ठेवायची, काट्याला नमस्कार करायचा आणि मूठ परत ढिगात टाकायची. ही शिवाची मूठ. ती मोजायची नसते, लिहायची नसते. त्यानंतर खरं तोलणं सुरू, आणि पहिल्या धारणेला, म्हणजे पहिल्या तोलाला, एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन.

अप्पांनी मूठ घेतली, पारड्यात ठेवली, नमस्कार केला, मूठ परत टाकली.

सिद्धराम शेट वाकून बघत होते. त्यांनी ढिगावर बोट ठेवलं. “बाई, तुरीला पावडर लावलीस का?”

लाल तुरीवर पसाभर दाणे पांढरे दिसत होते. सरजाबाई जवळ सरकली. तिनं एक दाणा उचलला, पाहिला, पुन्हा ठेवला. पावडर कुठली आणि कशाला लावू, घरात खायला ठेवलेलीच आणलीय, असं ती सांगत होती, पण तिचा आवाज खाली चालला होता. शेट वाईट माणूस नव्हता. त्यांनी रिवाजाप्रमाणे सांगितलं, की औषधाचा माल असेल तर दोन किलो कडता, म्हणजे वजनातली घट, कापावा लागेल, वरचा माल पाखडून बाजूला काढावा लागेल. चाळिसातले दोन. बाईनं ढिगाकडे पाहिलं. तिला काय वाटत होतं ते बाजारातल्या सगळ्यांना कळत होतं. काही तरी आपलंच चुकलं असणार.

अप्पांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला.

काहीच न बोलता तो हात धोतराला पुसला असता तरी चाललं असतं. चाळीस वर्षं त्या हाताकडे कोणी पाहिलं नव्हतं. आणि मापाड्याच्या हातानं माल बदलला, हे बाजारात उच्चारायचंसुद्धा नसतं. तो काट्याला हात लावतो, मालाला नाही, यावर तर त्याची भाकर.

“शेट, ती माझ्या हाताची राख हाय,” अप्पा म्हणाले. “घामानं चिकटली. बाईच्या मालाला काय बी न्हाई. कडता कापू नका.”

सिद्धराम शेटच्या कपाळावर तेच तीन पट्टे होते. त्यांनी अप्पांचा हात पाहिला, ढीग पाहिला. “एवढी वर्षं दिसली न्हाई ती, अप्पा.”

“एवढी वर्षं ढीग मोठा हुता.”

मग अप्पा खाली बसले. पांढरे दाणे त्यांनी वेचून उपरण्याच्या टोकात घेतले, चोळून साफ केले, परत ढिगात टाकले. हमालांनी पत्ते थांबवले होते. कोणी हसलं नाही. माल पारड्यात चढला, काटा निवला, अप्पा म्हणाले, “लाभ.” आणि ढीग संपला. दोन म्हणायला काही उरलंच नाही.

विरूपाक्ष भाकरीचं फडकं हातात धरून उभा होता. त्याचं लक्ष तुरीवर नव्हतं. तो पिवळ्या काचेपलीकडे पाहत होता.

तबकात आठ तुकडे, चार चारच्या दोन ओळी. उजव्या यांत्रिक हाताला सगळ्यांत जवळचा सातवा. फेरी सुरू करण्याआधी भट्टी बघायची असते, म्हणजे रिकामी तापवून आच स्थिर राहते का ते पाहायचं. नियमात रिकामी म्हटलं आहे. तो रिकामी कधीच बघत नव्हता. पहिल्या दिवसापासून तो जवळचा एक तुकडा उचलून आत ठेवायचा, तासभर हलकी आच दाखवायचा आणि परत त्याच्या जागी ठेवायचा. मग खरं काम सुरू. वहीत त्याची ओळ नसायची. कधी मनातही आलं नाही, की लिहावी. शिवाची मूठ कोण लिहितं?

चाळीस तुकड्यांच्या फेरीत तो एक तुकडा थोडा जास्त फुगायचा आणि सरासरीत बुडून जायचा. या वेळी तुकडे आठ होते.

तूर परत ढिगात टाकली की ती तूरच असते. या धातूला पहिली आच लागली, तेव्हाच आतल्या वायूनं जागा धरली असणार, धातू कुठे कुठे बारीक उसवला असणार. दुसऱ्यांदा तापवल्यावर तो तयारच होता. म्हणजे सात नंबर खोटा नव्हता. जो दोनदा तापतो तो असा फुगतो, एवढंच तो सांगत होता. आणि अणुभट्ट्या काय एकदाच तापतात? त्या बंद होतात, पुन्हा सुरू होतात. सात नंबर खोडला की हे कोणाला कळणार नव्हतं.

त्यानं भाकरी अप्पांजवळ ठेवली आणि तो टपाल कचेरीकडे चालू लागला.

चालताना दोन्ही बाजू त्यानं नीट तोलल्या, घराण्याच्या रीतीनं, घाई न करता. कागदावर सही केली तर काटा हातात राहतो. खरं सांगितलं तर तोल खरा ठरतो आणि काटा जातो, कारण किरणांच्या मालाला वहीबाहेर हात लावणं हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा. एक दिवसाचा नव्हे, सहा वर्षांचा. पारडं कुठे झुकलं, असं विचारलं तर सांगता आलं नसतं. बाईचा खाली गेलेला आवाज मात्र त्याच्या कानात होता. सात नंबर तर तेवढंही बोलू शकत नव्हता.

तातडीचा कॉल लागायला पावणेदोन तास गेले. तारबाबूनं खिडकीतून हाक मारली, तेव्हा डॉक्टरसाहेब पलीकडे आधीच ‘हॅलो’ म्हणत होते. विरूपाक्षनं सांगितलं, की सात नंबर दोनदा तापलेला आहे. पहिल्यांदा मी तापवला, चारशे अंशावर, एक तास, फेरीच्या आदल्या दिवशी. नोंद केली नाही.

मग साहेबांनी अंश पुन्हा विचारले, वेळ पुन्हा विचारला. पेन्सिल चालल्याचा आवाज येतोय असं त्याला वाटलं, पण एवढ्या लांबून तो येणं शक्य नव्हतं.

“का तापवला?”

“सवय आहे, साहेब.”

“कसली सवय?”

“घरची.”

साहेबांनी ते पुढे विचारलं नाही. आधीच्या फेऱ्यांतही असं झालं आहे का, एवढं विचारलं. विरूपाक्षनं हो म्हटलं. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, की अहवाल आज टाइपाला जाणार नाही. सात नंबर राहील, खाली टीप जाईल. आधीच्या फेऱ्यांतला असा प्रत्येक तुकडा शोधून तुम्ही मला यादी करून द्याल. आणि काट्याला तुम्ही हात लावायचा नाही. तो कागद फाडून टाका.

तीन मिनिटं झाली. तारबाबूनं वायर काढली.

विरूपाक्ष बाहेर आला, तर पायरीवर अप्पा बसले होते. बाजारात दुसरा ढीग आलाच नव्हता. भाकरीचं फडकं मांडीवर तसंच, गाठ न सोडलेलं. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला सरकून जागा केली. विरूपाक्षनं बसून सगळं सांगितलं, कागदाचं, मुठीचं, काट्याचं. अप्पा ऐकत राहिले. समोरून टँकर गेला, त्याच्यामागून दोन घागरी पळत गेल्या, म्हणजे घागरी घेतलेल्या पोरी.

“कामावरनं काढलं?”

“कामावरनं न्हाई. काट्यावरनं.”

अप्पांनी फडक्याची गाठ सोडली, भाकरी मोडली, अर्धी त्याच्यापुढे धरली. त्यांना एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायला त्यांनी पहिला घास संपू दिला.

“तोल बरोबर निघाला का?”

“हाव,” विरूपाक्ष म्हणाला. “तोल बरोबर निघाला.”

दोघांनी भाकरी संपवली. कागद त्यानं फाडला नाही. कोऱ्या बाजूवर त्यानं यादी सुरू केली, आठवेल तशी, पहिल्या फेरीपासून.

दुसऱ्या दिवशी त्याची एस.टी. दहाला होती. त्याआधी तो बाजारातून गेला. चाकूरकडचा कोणी दीड पोतं तूर घेऊन आला होता. अप्पा ओट्यावर आले, त्यांनी कनवटीची पुडी चाचपली आणि ते थांबले. मग त्यांनी कोरड्या, रिकाम्या हातानं आधी मूठ घेतली, पारड्यात ठेवली, काट्याला नमस्कार केला, मूठ ढिगात परत टाकली. आणि सगळं तोलून झाल्यावर, हमाल पोती शिवायला बसले तेव्हा, पुडी सोडून तीन बोटं कपाळाला ओढली.

शेजारच्या ओट्यावरच्या एकाने विचारलं, की अप्पा, आज उलटं? अप्पा म्हणाले, जिल्हा नवा झालाय, कायतरी बदलावं की.